सुटलेले सांधे: किटमधून बांधलेल्या एका लाकडी कयाकचं प्रकरण

पार्श्वभूमी

अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यात राहणारे, मूळचे पुण्याचे एक गृहस्थ आणि त्यांची अकरावीत शिकणारी मुलगी यांनी किट मागवून घराच्या गॅरेजमध्ये लाकडी कयाक, म्हणजे वल्ह्याने चालवायची लांब, निमुळती होडी, बांधायला घेतली. त्यांची नावं, गाव आणि किट विकणारी कंपनी इथे गाळली आहे. मी त्याच भागात लाकडी होड्यांची डागडुजी करतो. काम अडल्यावर त्यांनी मला बोलावलं आणि पुढचं सगळं मी जवळून पाहिलं.

किट म्हणजे ओकुमे जातीच्या मरीन प्लायवूडचे यंत्राने कापलेले तुकडे, तांब्याची तार, काचेचं कापड (फायबरग्लास) आणि इपॉक्सी, म्हणजे रेझिन आणि हार्डनर हे दोन द्रव मिसळून वाळणारा चिकट पदार्थ. या कयाकचं प्लाय ४ मिमी जाडीचं, लांबी १७ फूट, म्हणजे साधारण ५.२ मीटर, आणि तयार झाल्यावर वजन वीस किलोच्या आसपास. तुकड्यांच्या कडांना भोकं पाडून ते तांब्याच्या तारेने एकमेकांना शिवायचे, होडीचा आकार आला की आतल्या कोपऱ्यांत घट्ट इपॉक्सी भरायची, वर काचेचं कापड चढवायचं आणि तारा काढून टाकायच्या. ही पद्धत ब्रिटनमध्ये १९६०च्या दशकात घराघरांत पोहोचली. जॅक होल्ट आणि बॅरी बकनेल यांनी आखलेली ‘मिरर’ ही छोटी शिडाची होडी ‘डेली मिरर’ या वर्तमानपत्राच्या पाठबळाने आली आणि तशा सत्तर हजारांहून जास्त होड्या बांधल्या गेल्या. त्यातल्या कित्येक हौशी माणसांनी घरीच बांधल्या.

काथ्याने शिवलेल्या जहाजांची आपल्याकडे फार जुनी परंपरा आहे. गोव्यात बांधलेलं आणि २०२५ मध्ये नौदलात दाखल झालेलं ‘कौंडिण्य’ त्याच रीतीने शिवलेलं आहे. पण तिथे शिवण कायम राहते आणि भार पेलते. किटच्या होडीतली तार म्हणजे इपॉक्सी वाळेपर्यंतचा आधार. तार निघाली की सगळा भार चिकटवलेल्या सांध्यांवर येतो, म्हणून अशा होडीत सांधा हा दुय्यम विषय नसतोच.

प्लायचा ताव आठ फुटांचा आणि होडी सतरा फुटांची, त्यामुळे प्रत्येक लांब पट्टी तीन तुकड्यांची होती. डावी-उजवी बाजू आणि डावा-उजवा तळ अशा चार पट्ट्या, प्रत्येकीला पुढचा आणि मागचा असे दोन सांधे. एकूण आठ. तुकड्यांची टोकं कारखान्यातच तिरकी तासून आलेली होती. प्लायच्या जाडीच्या आठपट लांबीचा उतार, म्हणजे ४ मिमीला ३२ मिमी. हे उतार एकमेकांवर बसवून चिकटवायचे.

सांधे कसे चिकटवले गेले

पुढचे चारही सांधे ऑक्टोबरच्या एका उबदार दुपारी झाले. पट्ट्या एकावर एक रचल्या, मध्ये प्लास्टिक घातलं, उतारांवर घट्ट केलेली इपॉक्सी लावली आणि वर लाकडी ठोकळा ठेवून सी-क्लॅम्प सगळी ताकद लावून आवळले. वडिलांनी लहानपणी त्यांच्या वडिलांबरोबर फर्निचरचं बरंच काम केलं होतं. फेव्हिकॉलच्या कामात शिकंजा जितका आवळावा तितका सांधा पक्का, ही सवय हातात मुरलेली. फेव्हिकॉलसाठी ती बरोबरच आहे. इपॉक्सीला मात्र दोन पृष्ठभागांच्या मध्ये स्वतःचा थर राहावा लागतो. तो पिळून बाहेर गेला की सांध्यात काही उरत नाही.

क्लॅम्प आवळताना उतार एकमेकांवरून घसरत होते, म्हणून पुढच्या शनिवारी मागचे चार सांधे करताना त्यांनी रीत बदलली. चळत थेट गॅरेजच्या काँक्रीटच्या जमिनीवर ठेवली आणि वर विटा रचल्या. त्या दिवशी हवा सोळा अंश होती, रात्री पाचपर्यंत उतरली. जमीन त्याहून गार. तीन दिवसांनी वरच्या सांध्यातून बाहेर आलेल्या इपॉक्सीला नख लावून पाहिलं, ती कडक होती, म्हणून चळत उचलली.

अडचण

नोव्हेंबरमध्ये तारा ओवताना डाव्या बाजूची पट्टी नाकाकडे पिळून आणत असताना पुढचा सांधा ‘कट्’ असा आवाज करून उघडला. तोवर साठेक टाके घालून झाले होते.

मी पोहोचलो तेव्हा वडिलांनी इंजेक्शनच्या सिरिंजमध्ये पातळ इपॉक्सी भरून ठेवली होती. बेत असा की पट्टी आहे तिथेच ठेवायची, फटीत इपॉक्सी सोडायची, वरून क्लॅम्प लावायचा आणि पुढे जायचं. सुटलेल्या सांध्याला पहिला उपाय म्हणून हाच सुचतो. मी त्यांना थोडं थांबायला सांगितलं. फटीच्या एका बाजूला जुन्या इपॉक्सीचा गुळगुळीत थर होता, आणि न घासलेल्या थरावर नवी इपॉक्सी नुसती बसते, रुतत नाही. शिवाय सांधा का सुटला हेच अजून कळलेलं नव्हतं.

मुलगी म्हणाली, “काका, वरून तर आठही सांधे सारखेच दिसतात.” तिचं म्हणणं अगदी खरं होतं.

तुटलेला पृष्ठभाग

सुटलेला सांधा पूर्ण उघडून उजेडात धरला. चांगला चिकटलेला सांधा तुटतो तेव्हा लाकूड फाटतं आणि इपॉक्सीच्या थरावर लाकडाचे धागे चिकटून येतात. इथे एका उतारावर फिकट, कोरडं लाकूड होतं आणि दुसऱ्यावर पापुद्र्याएवढा मधाच्या रंगाचा थर. धागा एकही नाही. नख दाबलं तर खूण उमटेना, म्हणजे इपॉक्सी पूर्ण वाळलेली होती. बिघाड तिच्या वाळण्यात नव्हता, ती तिथे पुरेशी नव्हतीच. क्लॅम्पने बरीचशी बाहेर काढली आणि उरलेली लाकडाने शोषून घेतली, कारण उतारावर लाकडाच्या धाग्यांची कापलेली तोंडं वर येतात आणि ती फार पितात. त्यांना आधी पातळ, न घट्ट केलेली इपॉक्सी पाजायची असते. ती पायरी राहून गेली होती.

इथे थांबलो असतो तर निदान चुकलं असतं. मागच्या सांध्यांवर बोट फिरवताना सर्वांत खाली राहिलेल्या पट्टीच्या सांध्यात नख रुतलं. तिथे अमोनियासारखा हलका वासही होता. त्याच्या वरच्या पट्टीचा सांधा किंचित मऊ, आणि चळतीतल्या वरच्या दोन पट्ट्यांचे सांधे दगडासारखे. पुढे इपॉक्सी कमी पडली होती आणि मागे ती वाळलीच नव्हती. होडी एकच, बिघाड दोन, आणि दोघांचे उपाय एकमेकांना चालणारे नाहीत. कोरडा सांधा कितीही ऊब दिली तरी सुधारत नाही, आणि न वाळलेल्या सांध्यावर काचेचं कापड चढवणं म्हणजे मऊपणा आत कोंडून ठेवणं.

मऊपणालाही दोन कारणं असू शकतात. इपॉक्सी गारठ्यात मंदावते. ढोबळ हिशेब असा की तापमान दहा अंशांनी उतरलं की वाळायला दुप्पट वेळ लागतो. असा सांधा नंतर ऊब मिळाली की बहुतेक वेळा कडक होतो. दुसरं कारण म्हणजे रेझिन आणि हार्डनरचं चुकलेलं प्रमाण. त्याला ऊब देऊन, थांबून, वरून हार्डनर चोळून, कशानेही फरक पडत नाही. यांच्या इपॉक्सीचं प्रमाण आकारमानाने दोनास एक होतं आणि माप बाटल्यांवर बसवलेल्या पंपांनी घेतलं जात होतं. हार्डनरचा पंप दाबून पाहिला तर पहिल्या दाबाला निम्मी हवाच आली. आठवडाभर पडून राहिल्यावर नळीतलं द्रव खाली उतरलेलं असणार. त्या शनिवारचा पहिला कालव, म्हणजे एका वेळी कालवलेली इपॉक्सी, सर्वांत खालच्या पट्टीला लागला होता.

समोरचे पर्याय

नव्या पट्ट्या मागवणं हा सर्वांत स्वच्छ मार्ग. पण पैसे आणि काही आठवडे जाणार होते, आणि चिकटवण्याची रीत तीच राहिली तर नव्या पट्ट्याही तशाच सुटल्या असत्या.

दुसरा पर्याय वडिलांना पटत होता: आठही सांध्यांवर आतून-बाहेरून काचेच्या कापडाची पट्टी चढवायची. ४ मिमी प्लायवर दोन्ही बाजूंनी कापड लागलं तर वाकवण्याचा बराच भार ते घेतं, हे खरं आहे. पण जिथे कापड तिथे पट्टी ताठ होते आणि वाकवताना बाक तिथे सपाट पडतो. कयाकची बाजू म्हणजे एक लांब, सलग रेषा. त्यात सपाट जागा आली की पॉलिश केल्यावर ती आरशासारखी दिसते. आणि मऊ सांध्यांना याचा उपयोग शून्य.

आठही सांधे उघडून नव्याने चिकटवायचे, हा तिसरा. ऐकायला निर्धोक वाटतो, पण मला तो सर्वांत जास्त नको होता. उताराची धार कागदाइतकी पातळ असते. चांगला सांधा जबरदस्तीने उघडताना ती धार चेपते किंवा प्लायचा पदर निघतो. मजबूत सांधा मोडून त्या जागी घाईत केलेला सांधा येण्याची शक्यता होती.

म्हणून ठरलं ते असं: आधी प्रत्येक सांधा तपासायचा, मग ज्याचा जो बिघाड त्याचा तो उपाय. त्यासाठी घातलेले सगळे टाके कापावे लागणार होते. वडील बराच वेळ गप्प होते. टाके घालायला त्यांचे दोन शनिवार-रविवार गेले होते. शेवटी मुलीनेच पक्कड उचलली.

काय केलं

सुरुवात उबेने केली, कारण मऊ सांध्यांवर जोर देऊन तपासण्यात अर्थ नव्हता. मागच्या भागाभोवती प्लास्टिकचा तंबू उभारला आणि आत तेलाचा विजेवरचा हीटर ठेवला. गॅसची शेगडी मुद्दाम टाळली. तिच्यातून कार्बन डायऑक्साइड आणि पाण्याची वाफ निघते आणि कच्च्या इपॉक्सीवर मेणचट थर येतो, शिवाय बंद जागेत ती माणसाला धोक्याची. थर्मामीटर भिंतीवर टांगला नाही, सांध्यालाच चिकटपट्टीने लावला. दोन दिवस २५ ते ३० अंश राखले. मग पट्ट्या गार होऊ दिल्या आणि पुन्हा नख लावलं. खालून दुसरा सांधा कडक झाला होता. सर्वांत खालचा रबरासारखा तसाच. पंपाबद्दलचा संशय खरा ठरला.

त्यानंतर वाकवण्याची चाचणी. होडीत बसवल्यावर त्या भागात पट्टीला सव्वा मीटरच्या अंतरात साधारण २ सेंमी बाक येतो. आम्ही तेवढ्याच अंतरावर दोन घोड्यांवर, म्हणजे लाकडी आधारांवर, पट्टी ठेवून मध्ये हाताने ४ सेंमीपर्यंत दाबली, मग उलटी करून पुन्हा, म्हणजे सांध्याच्या दोन्ही धारांवर ताण आला. पुढच्या उरलेल्या तीन सांध्यांपैकी एक करकरला आणि त्याची धार उचलली गेली. दोन टिकले. मागचे, रबरी सोडून, तिन्ही टिकले. म्हणजे नव्याने करायचे सांधे तीन: पुढचे दोन कोरडे आणि मागचा एक मऊ.

उघडायला हीट गन, म्हणजे गरम हवा सोडणारं यंत्र, वापरली. घरच्या तापमानात वाळणारी इपॉक्सी साधारण ५०-६० अंशांच्या पुढे नरम पडू लागते. मरीन प्लायचे पदर ज्या फिनॉलिक गोंदाने जोडलेले असतात तो त्या उष्णतेला हलत नाही. या फरकावरच सगळी डागडुजी चालते. उष्णता थोडी थोडी देत, पुट्टीची पातळ पट्टी धारेकडून सरकवत नेली. लाकूड काळवंडू लागलं की थांबायचं, हा नियम मुलीने पाळला आणि तिचा हात वडिलांपेक्षा हलका निघाला.

मऊ सांध्यातला चिकटा आधी खरवडून काढला, मग अल्कोहोलच्या फडक्याने पुसला, आणि लाकूड कोरडं झाल्यावरच ८० नंबरचा पॉलिश पेपर लावला. अर्धवट वाळलेल्या इपॉक्सीची धूळ फार वाईट. तिची एकदा ॲलर्जी जडली की पुढे इपॉक्सीजवळ जाणंही कठीण होतं. मास्क आणि नायट्राइलचे हातमोजे घातल्याशिवाय मी कुणालाही हात लावू दिला नाही. हात इपॉक्सीने माखला तर साबण-पाणी वापरायचं, थिनर किंवा अल्कोहोल नाही. त्यांनी ती कातडीत आणखी मुरते.

इथे सर्वांत महत्त्वाचा निर्णय आला. उतार खडबडीत झाले होते आणि वडील रंधा घेऊन ते ताजे तासायला निघाले. मी नको म्हटलं. उतार तासला की तुकडा आखूड होतो. डावी पट्टी उजवीपेक्षा चार-पाच मिमीने जरी आखूड झाली तरी शिवताना होडी पिळते आणि पाण्यात एका बाजूला ओढते. लाकूड दिसेपर्यंत फक्त घासायचं, धारेचे उडालेले कपचे नंतर घट्ट इपॉक्सीने भरून येतात.

चिकटवताना रीत पूर्ण बदलली. पंप बाजूला ठेवून स्वयंपाकघरातला डिजिटल काटा आणला. आकारमानाचं दोनास एक म्हणजे वजनाचं दोनास एक नव्हे, हार्डनर हलका असतो. उत्पादकाने दिलेलं वजनाचं प्रमाणच घेतलं. दोन्ही उतारांना पातळ इपॉक्सी पाजली, दहा-पंधरा मिनिटांनी जिथे कोरडं दिसलं तिथे पुन्हा. मग लाकडाचा बारीक भुसा आणि सिलिका घालून चक्क्याइतकी घट्ट केलेली इपॉक्सी एका उतारावर पसरली. सांधा फळीवर, खाली प्लास्टिक, आणि फळी टेबलावर, जमिनीपासून दूर. घसरू नये म्हणून सांध्याच्या दोन्ही अंगांना बारीक खिळे ठोकले. कडेने दोरी ताणून सरळपणा पाहिला आणि जिथे जोडीची पट्टी धड होती तिथे तिच्यावर ठेवूनही मिळवून घेतला. वजन म्हणून पाण्याचे कॅन, फक्त कडेने इपॉक्सीची बारीक रेघ बाहेर येईल इतकेच. एका वेळी एकच सांधा, आणि प्रत्येक कालवातून प्लायच्या दोन टाकाऊ तुकड्यांचा एक नमुना. चार दिवसांनी नमुने गुडघ्यावर मोडून पाहिले. लाकूड फाटलं, सांधा नाही.

चाचणीत टिकलेल्या पुढच्या दोन सांध्यांचं काय, यावर आमचं एकमत नव्हतं. तेही त्याच आवळलेल्या क्लॅम्पखालचे होते. माझं मत उघडावं असं होतं. मुलीचं म्हणणं, “तुम्हीच म्हणालात ना काका, टिकलेला सांधा मोडू नये म्हणून?” होडीला बाहेरून पूर्ण काचेचं कापड लागणारच होतं, तेव्हा होडी शिवून तिचा बाक पक्का झाल्यावर आतून रुंद कापडाची पट्टी लावायची आणि सांधे तसेच ठेवायचे, असं ठरलं. बाक आल्यानंतर कापड लावल्यामुळे सपाट जागेचा प्रश्न उरला नाही.

पुढे कापड लावण्याआधी प्रत्येक वेळी जुन्या थरावरचा मेणचटपणा पाण्याने आणि घासणीने धुऊन काढला, मग पॉलिश पेपर. हा क्रम उलटा केला तर मेण लाकडात घोटलं जातं आणि पेपरही भरून जातो. हा थर पाण्यातच विरघळतो, त्यासाठी थिनर लागत नाही.

परिणाम

हिवाळाभर काम उबदार दिवस बघून चाललं आणि कयाक जूनमध्ये जवळच्या तळ्यात उतरली. नव्याने केलेल्या तिन्ही सांध्यांना पहिल्या हंगामात काही झालं नाही. डाव्या बाजूच्या सांध्यावर हीट गनचा तपकिरी डाग व्हार्निशमधून दिसतो, आणि तिथेच बाजूची रेषा दोनेक मिमी आत गेली आहे. डोळा कडेला लावून पाहिलं तर कळते.

तसेच ठेवलेल्या दोन सांध्यांपैकी एकावर, उजव्या तळाला, शरद ऋतूत व्हार्निशमध्ये केसाएवढी रेघ उमटली. आतलं कापड धड आहे, टिचकी मारली की आवाज भरीव येतो, पाणी शिरल्याची खूण नाही.

पुन्हा करायचं झालं तर

वाकवण्याची चाचणी पट्ट्या चळतीतून निघाल्याबरोबर व्हायला हवी होती. तेव्हा दहा मिनिटांचं काम होतं. टाके घातल्यावर त्याच कामासाठी साठ टाके कापावे लागले. प्रत्येक कालवाचा नमुना ठेवला असता तर खालची पट्टी मऊ आहे हे तिला हात न लावताच कळलं असतं. वरच्या सांध्याला नख लावून चळतीतल्या चारही सांध्यांचा निकाल लावता येत नाही, कारण खालचा सांधा वेगळ्याच तापमानात वाळत असतो. जागा कमी आहे म्हणून चळत करायचीच असेल तर ती टेबलावर करावी.

कोकण किनाऱ्यावर कुणी असं किट बांधायला घेतलं तर अडचण उलट बाजूने येईल. मे महिन्यात ३२-३३ अंशांना भांड्यातली इपॉक्सी बघता बघता तापून घट्ट होते. तेव्हा मंद हार्डनर घ्यावा, कालव थोडा थोडा करावा आणि भांडं खोल नको, पसरट हवं. पावसाळ्यातल्या दमट हवेत मेणचट थर जाड येतो आणि प्लायही ओल धरतं. वजनाचा काटा, नमुन्याचे तुकडे आणि हलका दाब मात्र तिथेही तसाच लागतो.

उजव्या तळाच्या त्या रेघेसाठी यंदा वसंतात पॉलिश पेपरने व्हार्निश आणि बाहेरचं कापड सांध्यापुरतं उतरवायचं ठरलं आहे. खाली धार उचललेली दिसली तर सांधा पातळ इपॉक्सीने भरून वर कापडाचे दोन थर द्यायचे. धार बसलेली असेल तर एकच थर आणि नवं व्हार्निश.